हळदीचा पाला जाळू नका, पण त्याच्या तेलात कुरकुमीनही शोधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काढणी सुरू झाली की वसमत, हिंगोली, अर्धापूर भागात हळदीचा कापलेला पाला बांधावर पेटवला जातो. त्या पाल्यात विकण्याजोगे सुगंधी तेल असते. मात्र ‘हळद तेल म्हणजे कुरकुमीन’ (हळदीचा पिवळा रंग देणारा घटक) असे सांगून ते विकले जाते तेव्हा शेतकरी आणि ग्राहक दोघेही फसतात.

कुरकुमीनचा रेणुभार (एका रेणूचे वजन) 368, म्हणजे रेणू जड. ते पाण्याच्या वाफेबरोबर वर येतच नाही, भांड्यातच राहते. ते काढायला अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखे द्रावक लागते. वाफेवर काढलेले तेल फिकट पिवळे असते. तेल गर्द नारिंगी दिसले, तर ते ओलिओरेझिन (द्रावकाने काढलेला दाट अर्क) आहे किंवा त्यात रंग मिसळला आहे, असे समजावे.

कंदाचे तेल आणि पाल्याचे तेल हेही एक नव्हे. कंदाच्या तेलात मुख्यतः अल्फा, बीटा आणि एआर-टर्मेरोन हे सुगंधी घटक असतात, जोडीला झिंजिबेरीन आणि एआर-कुर्कुमीन (हे कुरकुमीन नव्हे, वेगळा घटक). पाल्याच्या तेलात टर्मेरोन नावापुरते. तिथे अल्फा-फेलॅन्ड्रीन, टर्पिनोलीन आणि सिनिओल या हलक्या, लवकर उडणाऱ्या घटकांचा भरणा असतो. वाण आणि पाल्याचे वय बदलले की त्यांचे प्रमाणही बदलते. आंबेहळदीच्या कंदात मिर्सीन जास्त, तर कचोऱ्यात (हळदीच्या कुळातला दुसरा कंद) कर्झेरेनोन आणि कापूर. एकाच कुळातली झाडे असली तरी सगळ्यांना एकच भाव लावता येत नाही.

तेल काढायचे असेल तर खालची पाने वाळली आहेत आणि वरची अजून हिरवी आहेत, तेव्हाच पाला कापावा. त्याआधी कापला तर गड्डे पोसत नाहीत, पूर्ण वाळू दिला तर तेल उडून जाते. कापलेला पाला एक दिवस सावलीत सुकवावा आणि बोटभर तुकडे करून जाळीवर सारखा दाबून भरावा. इथेच बहुतेकांचे चुकते. मधे पोकळी राहिली की वाफ तेवढ्याच वाटेने निघून जाते आणि बाकीचा पाला कोराच राहतो. तीन-चार तास वाफ द्यावी. कंडेन्सरमधून (वाफ थंड करून पाणी करणारी नळी) येणारे तेलमिश्रित पाणी हाताला कोमट लागले तर तेल हवेत चालले आहे, थंड पाणी वाढवावे. भांडे स्टेनलेस स्टीलचेच हवे, गंजक्या लोखंडात तेल काळवंडते. 100 किलो ताज्या पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल धरावे, फार तर थोडे जास्त. याहून मोठे आकडे सांगून यंत्र विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

करप्या रोगासाठी उशिरा फवारणी झालेला पाला वापरू नये. काही औषधांचे अंश वाफेबरोबर तेलात उतरतात.

पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढून निर्जल सोडियम सल्फेटवर (पाणी शोषणारे मीठ) कोरडे करावे आणि गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे. प्लास्टिकचा कॅन नको, तेलातल्या टर्पीन घटकांनी प्लास्टिक मऊ पडते. बाटली अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेने फेलॅन्ड्रीन बिघडते आणि पी-सायमीन हा घटक वाढतो. कंदाच्या तेलातही तसेच घडते. अल्फा-टर्मेरोन (रेणुभार 218) दोन हायड्रोजन गमावून एआर-टर्मेरोन (216) होते. म्हणून एआर-टर्मेरोन जास्त म्हणजे तेल उत्तम, असे सरसकट म्हणता येत नाही. तेल जुने असण्याचीही ती खूण असू शकते.

जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारे यंत्र) अहवालही डोळे झाकून घेऊ नये. अल्फा आणि एआर-टर्मेरोनची शिखरे (आलेखावरचे उंचवटे) साध्या कॉलमवर (घटक वेगळे करणारी नळी) जवळजवळ एकावर एक येतात. कचोऱ्यातले फ्युरानोडायिन तर यंत्राच्याच उष्णतेने बदलून कर्झेरीन म्हणून दिसते. म्हणून अहवालात कॉलमचे नाव, इंजेक्टरचे (नमुना आत सोडण्याची गरम जागा) तापमान आणि रिटेन्शन इंडेक्स (घटक ओळखण्याचा ठरावीक आकडा) लिहून मागावेत. त्यातली टक्केवारी शिखरांच्या क्षेत्रफळाची असते, वजनाची नव्हे, हेही व्यवहारात लक्षात ठेवावे.

वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आता शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पाल्याचे तेल आणि कंदाचे तेल वेगवेगळ्या नावांनी, काढणीची तारीख घालून विकावे. बाजार समितीने अशा नमुन्यांच्या तपासणीची सोय आवारातच करावी, ही आमची मागणी आहे. वाफवून उरलेला पाला शेणकाल्यात कुजवला की खत होते, त्यामुळे पाला पेटवण्याचे कारणच उरत नाही.

आपले,
हळद प्रक्रिया व तेल तपासणीत काम करणारे काही जण,
वसमत, जि. हिंगोली