डब्लिनची घरटंचाई आणि निर्वासित

मा. संपादक,

सप्टेंबरमध्ये इथली विद्यापीठे सुरू होण्याआधी पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या ओळखीपाळखीच्या पालकांचे मला डब्लिनमध्ये फोन येऊ लागतात. मुलाला खोली मिळेल का, हा त्यांचा एकच प्रश्न असतो. अवघड आहे असे म्हटले, की हल्ली पलीकडून कारणही तयार असते: निर्वासितांनी घरे बळकावली असतील. आपल्या इथल्या व्हॉट्सॲप गटांतही हेच फिरते. या समजाला आकड्यांचा आधार नाही आणि तो आपल्यालाच महागात पडणारा आहे, म्हणून हे पत्र.

आयर्लंडमधील गृहबांधणी २००८ च्या आर्थिक पडझडीत कोसळली. २०१३ साली संपूर्ण देशात जेमतेम साडेचार हजार नवी घरे पूर्ण झाली; बांधकाम कंपन्या बुडाल्या, कुशल कामगार देश सोडून गेले, लोकसंख्या मात्र वाढत राहिली. सरकारनेच नेमलेल्या गृहनिर्माण आयोगाने मे २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात २ लाख १२ हजार ५०० ते २ लाख ५६ हजार घरांची तूट नोंदवली आहे, आणि हा हिशेब एप्रिल २०२२ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. युक्रेनवरील आक्रमणाला तेव्हा सव्वा महिना झाला होता आणि तिथले लोक नुकतेच येऊ लागले होते. त्याच जनगणनेत, सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे वगळून, १ लाख ६६ हजार ७५२ घरे रिकामी आढळली. त्यांपैकी ४८ हजारांच्या आसपास घरे २०१६ च्या गणनेच्या वेळीही रिकामीच होती.

निर्वासितांच्या येण्याने ताण वाढलाच नाही, असे मी म्हणणार नाही. सुमारे ५१ लाख वस्तीच्या देशात दोन वर्षांत एक लाखाहून अधिक युक्रेनी आले, तर तो जाणवणारच. मात्र तो ताण पेलण्यासाठी सरकारने जी वाट धरली, तिने दुखणे वाढवले. खासगी हॉटेले भाड्याने घेतली गेली. छोट्या गावातले एकुलते एक हॉटेल असे गेले, की पर्यटनावर चालणारी दुकाने आणि उपाहारगृहे बसतात, आणि राग मात्र करार करणाऱ्या खात्यावर न निघता खोलीत राहणाऱ्या बाईवर निघतो. करार संपला की त्याच बाईला मुलांची शाळा सोडवून दुसऱ्या गावी जावे लागते. निर्वासितांना घर देणाऱ्या मालकांना दरमहा ४०० युरो, डिसेंबर २०२२ पासून ८०० युरो, तेही करमुक्त, देण्याच्या योजनेबद्दल स्थानिक भाडेकरूंची तक्रार होती, आणि माझ्या मते ती रास्त होती; भाड्याच्या उत्पन्नावर कर भरणारा मालक करमुक्त रकमेकडे वळणारच. पुढे २०२५ मध्ये ही रक्कम ६०० वर आणली गेली. एवढा खर्च चालू असताना रिकामी घरे दुरुस्त करून सरकारी मालकीची राहतील, असे पाहण्याचे काम मात्र रेंगाळत राहिले.

मी मूळचा कल्याणचा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आमच्या शेजारच्या लष्करी बराकींत उतरवले, तेव्हा मुंबईतही जागेची चणचण होतीच. बराकींतले हाल थोडे नव्हते. पण जागा सरकारची होती, तिथून कोणी दर सहा महिन्यांनी हुसकावत नव्हते, आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही रिक्षावाल्याला तिथे ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगावे लागते.

इथे आश्रय मागणाऱ्या एकट्या पुरुषांवर मात्र तंबूत राहण्याची वेळ आली. माउंट स्ट्रीटवरील आश्रय-अर्ज कार्यालयाबाहेरचे तंबू १ मे २०२४ रोजी हटवले, तर काही दिवसांत ते ग्रँड कॅनॉलच्या काठी उभे राहिले. अशाच दोन अर्जदारांच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल दिला, की निवासाची क्षमता संपली हे कारण पुढे करून राज्यसंस्थेला मूलभूत गरजा भागवण्याची जबाबदारी टाळता येणार नाही. त्या दोघांपैकी एक अफगाण होता आणि दुसरा भारतीय. हे आपल्या गटांत फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्याच दिवशी, डब्लिनमधील भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांनंतर, इथल्या भारतीय दूतावासाने नागरिकांना सावधगिरी बाळगण्याची सूचना दिली. ‘आयर्लंड भरले आहे’ ही घोषणा देणारा माणूस रस्त्यात कोणाचा व्हिसा तपासत नाही. रुग्णालयातून रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, संगणक अभियंता आणि आश्रयाचा अर्जदार त्याला सारखेच दिसतात. त्यामुळे निर्वासितांना बोल लावून आपण वेगळे ठरू, या भ्रमात इथल्या मराठी माणसाने राहू नये.

आपल्या वृत्तपत्रात परदेशातील भारतीयांवरील हल्ल्यांच्या बातम्या ठळकपणे येतात, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला तिथल्या घरटंचाईची कारणेही छापली जावीत, एवढी विनंती. पालकांना माझे सांगणे, की खोलीचा करार हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

आपला,
एक मराठी वाचक, डब्लिन (मूळ गाव कल्याण)