टीझरमधला हत्ती कुठला?

महोदय,

येऊ घातलेल्या एका अ‍ॅनिमेशनपटाच्या टीझरपायी आमच्या घरात सध्या जेवणं लांबतायत. त्यात काळा डोंगर, कातळात कोरलेले खांब आणि एक हत्ती एवढंच दिसतं. नात म्हणते, हे वेरूळच. नातू देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीवर, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेवर, अडून बसलाय.

मी नातीच्या बाजूचा. वेरूळचं सोळावं लेणं, म्हणजे कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग पाया! अंगणात सोंड तुटलेले दगडी हत्ती आजही उभे आहेत. टीझरमधल्याची सोंड शाबूत आहे, हा नातवाचा हुकमी मुद्दा. अरे, गोष्ट तेव्हाची असेल की!

कथा खजिन्याची, असं पोरं धरून चाललीत. मला मात्र ती पाथरवटाची असावीशी वाटते. कळस कोरणाऱ्याला पाया बघायला मिळाला असेल का?

हरेल त्यानं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायचं, अशी पैज लागलीय. माझे गुडघे पाहता वेरूळच निघालेलं बरं.

– एक आजोबा, छत्रपती संभाजीनगर