अमेयला, चापाबद्दल

परळ, मुंबई
शुक्रवार, रात्री साडेदहा

चि. अमेय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पहाटे कामावरून येतोस तेव्हा मी झोपेत असतो आणि मी उठतो तेव्हा तू. एका घरात राहून रविवारशिवाय आपलं धड बोलणं होत नाही. म्हणून हे लिहून तुझ्या डब्याशेजारी ठेवतोय. जेवून झाल्यावर निवांत वाच.

मागच्या रविवारी वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवरून निघताना तू विचारलंस, "बाबा, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं एअर पिस्तूल घेऊ की मेकॅनिकल? सिंगल स्टेज की टू स्टेज?" मी नुसतं "बघू" म्हणालो. बाबांना नव्या पिस्तुलांतलं कळत नाही, असं तुला वाटलं असेल. पण दोन लाखांच्या घरातली वस्तू तू स्वतःच्या पगारातून घेणार आहेस. तिचं उत्तर बसस्टॉपवर उभ्याउभ्या देणं माझ्या जिवावर आलं. आठवडाभर तेच डोक्यात आहे.

आधी एक कर. सकाळी मी आणलेलं अर्ध्या लिटरचं दूध ओट्यावर असेल. कापडी पिशवीत घाल आणि पिशवीचा बंद उजव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर अडकव. बोटाचा सांधा नको, पेराचा मऊ भाग. अर्धा लिटर दूध साधारण ५१५ ग्रॅम भरतं. दहा मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत चाप, म्हणजे ट्रिगर, कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे जवळपास तेवढंच ओझं तुझं बोट दर नेमाला ओढतं. आता पिठाच्या डब्याशेजारची पाच किलो आट्याची पिशवी त्याच बोटाने उचलायचा प्रयत्न कर. मी नोकरीत जी पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हरं सांभाळली, त्यांचा डबल अ‍ॅक्शनचा चाप साधारण तेवढा, साडेचार-पाच किलोचा असायचा.

आता दोन्ही आकडे हत्याराच्या वजनाशेजारी ठेवून बघ. रिव्हॉल्व्हर भरतं किलोच्या आतबाहेर. म्हणजे हत्याराच्या चौपट-पाचपट जोर चापावर, आणि एवढ्या जोरात हातातली नळी जागची न हलणं म्हणजे किती कठीण! तुझं एअर पिस्तूल ९०० ते १००० ग्रॅमचं, त्याच्या चापावर जोर निम्मा. तरीसुद्धा निम्मा जोर म्हणजे थोडाथोडका नव्हे. तो सरळ मागे न जाता जरा तिरका गेला की पिस्तूल त्या बाजूला वळतंच.

डबल अ‍ॅक्शनमध्ये एकाच ओढीत घोडा, म्हणजे गोळीवर ठोका देणारा मागचा हातोडा, मागेही जातो आणि सुटतोही. ओढ लांब आणि जड. ती तशी ठेवलेली असते, कारण ते हत्यार कमरेला लावून गर्दीत वावरायचं असतं आणि घाबरलेल्या बोटाने चुकून सुटता कामा नये. अंगठ्याने घोडा आधी चढवला की तेच रिव्हॉल्व्हर सिंगल अ‍ॅक्शन होतं. मग चापाला फक्त घोडा सोडायचं काम उरतं आणि वजन दीड-दोन किलोवर येतं. ग्लॉकसारख्या नव्या पिस्तुलांत बाहेर घोडाच नसतो, आत ठोका देणारी कांडी, म्हणजे स्ट्रायकर, असतो आणि चाप अडीच किलोच्या आसपास. ही सगळी कामाची हत्यारं. कागदावर नेम धरण्यासाठी डबल अ‍ॅक्शन कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. तुझा मित्र त्याच्या काकांचं रिव्हॉल्व्हर "मस्त क्लासिक" म्हणून सांगत होता. असेलही, पण तुझ्या कामाचं नाही. शिवाय त्याला परवाना लागतो, आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तालयातून काढायचा.

आता तुझ्या नेमाबद्दल. रविवारी मी मागच्या बाकावर बसून तुझी चाळीस पेलेट, म्हणजे छर्रे, मोजली. त्यातली निम्म्याहून जास्त खाली डावीकडे होती. तू नेमाची मागची खाच सरकवून ते दुरुस्त करायला निघालास, तेव्हा मी बोललो नाही, कारण बाजूला तुझे मित्र होते. आता बोलतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा घोळका खाली डावीकडे पडला, तर बहुतेक वेळा दोष खाचेचा नसतो. बोटाने चाप हिसकलेला असतो. मी माशीकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटाकडे, पाहत नव्हतो, तुझ्या तर्जनीकडे पाहत होतो. माशी कागदावरच्या काळ्या वर्तुळाखाली बसली की तू एकदम बोट आवळतोस, आत्ता नाही तर परत मिळणार नाही असं. मंडळाच्या कॅरमवर राणी घेताना करतोस ना, तस्सं. तिथे ते शोभतं. स्ट्रायकर मारायचा असतो, चाप दाबत न्यायचा असतो.

आणि हिसका किती महाग पडतो, तेही बघ. तुझ्या पिस्तुलाच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर धर ३२० मिलिमीटर. समोरचा कागद १० मीटरवर. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी कागदावर नेम तीस मिलिमीटरच्या वर हलतो. दहाचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८-८ मिलिमीटरने बाहेर. म्हणजे त्या एका मिलिमीटरने दहाचे सात होतात. हात थरथरतो म्हणून तू वैतागतोस, पण हाताची थरथर सगळ्यांची असते आणि ती नेम बहुतेक वेळा आठ-नऊच्या बाहेर नेत नाही. तुझी पाच आणि सहा बोटातून येतात.

म्हणून टू स्टेज घे, यात मला शंका नाही. पहिल्या टप्प्यात चाप गुळगुळीत मागे येतो, मग कुठेतरी थबकतो. तिथे बोटाला भिंत लागते. त्या भिंतीशी ठरलेल्या वजनाचा मोठा भाग बोटावर येऊन गेलेला असतो, उरलेला थोडाच द्यायचा असतो. पिस्तूल वरून खाली आणताना पहिला टप्पा संपवायचा, भिंतीशी टेकायचं आणि माशी स्थिर होत असताना हळूहळू वाढवत न्यायचं. कधी सुटलं ते तुझं तुलाच नीट कळू नये, इतकं हळू. सिंगल स्टेजमध्ये ही भिंतच नसते. सगळा जोर एका दमात. काही जण त्यावर उत्तम मारतात, पण त्यांची बोटं हिसकायची सवय विसरलेली असतात. तुझं अजून विसरलेलं नाही, बाळा.

चापाचं वजन एकूण ५२०-५३० ग्रॅम ठेव, त्यातलं साडेतीनशे-चारशे पहिल्या टप्प्यात. ५०० च्या काठावर ठेवू नकोस. आज हौस म्हणून खेळतोस, उद्या क्लबच्या सामन्यात नाव घालशील. तिथे नळी सरळ वर धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन टांगतात आणि पिस्तूल उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. काठावरचं पिस्तूल घरी पास होतं आणि तिथे नापास होतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये. तिथे पॉइंट २२ च्या पिस्तुलाला कमीत कमी १००० ग्रॅमचा चाप लागतो, तुझ्या दुप्पट. चाप हलका असला की नेम लागतो, असं तुझे मित्र म्हणतात त्यांना हे सांग.

हलक्याचं वेड कुठवर जातं ते मी पाहिलंय. नोकरीची सात-आठ वर्षं झाली असतील. एका साहेबांनी स्वतःचं रिव्हॉल्व्हर बाहेरच्या कारागिराकडून "मुलायम" करून घेतलं आणि कौतुकाने मला दाखवायला आणलं. मी सिलिंडर उघडून सहाही घरं बोट घालून पाहिली, रिकामी होती. बंद केलं, घोडा चढवला, बोट चापापासून लांब ठेवलं आणि अंगठ्याने घोड्याला मागून नुसतं पुढे रेटलं. घोडा खट्‌कन पडला. चापाला कुणी शिवलंही नव्हतं. मग भिंगाखाली खटका बघितला, तुम्ही ज्याला सीअर म्हणता तो. घोडा ज्या कडेला अडकून राहतो ती कडा नखाच्या टोकासारखी स्वच्छ चौकोनी असायला हवी. कारागिराने पॉलिश करकरून ती गोल केली होती, आरशासारखी चकाकत होती. साहेब ते भरलेलं रिव्हॉल्व्हर तीन आठवडे कमरेला लावून फिरत होते, घरी दोन लहान मुलं. ती कडा मला अजून दिसते. त्या रात्री घरी आलो तेव्हा तू पाळण्यात होतास, आणि आई विचारत राहिली काय झालं म्हणून.

म्हणून एक अट घालतो. पिस्तूल कुठलंही घे, पण सीअरचा स्क्रू तू फिरवायचा नाहीस. वजनाचा फिरव, पहिल्या टप्प्याची लांबी कमी-जास्त कर, सुटल्यानंतर चाप किती मागे जातो तो ओव्हरट्रॅव्हल कमी कर. ते तुझं. दर वेळी पाव फेराच, आणि कुठला स्क्रू किती फिरवला ते वहीत. सीअरला हात लावायचा झाला तर मला उठव, दुपार असो की पहाट.

आता इलेक्ट्रॉनिक. मॉरिनीचं १६२ईआय मी हाताळलं आणि खरं सांगतो, तो चाप सुटतो तेव्हा काच तडकल्यासारखा स्वच्छ सुटतो. आत चाप फक्त एक स्विच दाबतो, पुढचं काम सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, करतो. घासणारी कडा नाही, म्हणून वर्षानुवर्षं तीच जाणीव राहते. ड्राय फायरला, म्हणजे पेलेट न घालता चाप दाबायच्या सरावाला, दर वेळी काही चढवावं लागत नाही, दाबत राहायचं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक वेळी चाप पुन्हा चढवावा लागतो. सराव घरी जास्त करणाऱ्याला ही मोठी सोय आहे, ती मी नाकारत नाही.

तरीही तुझ्यासाठी माझं मन मेकॅनिकलकडे झुकतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. मेकॅनिकलवर ओलीचा काय परिणाम होतो ते मला कपड्याने पुसून कळतं. विजेच्या जोडणीत ओल शिरली तर मला कळणार नाही आणि तुलाही नाही, आणि सुटा भाग बाहेरून येईपर्यंत पिस्तूल पेटीत पडून राहील. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, अंतिम फेरी हुकली. तिच्यामागे संपूर्ण संघाचे लोक होते. (पोरगी खचली नाही, पॅरिसला दोन कांस्यं घेऊन आली.) तुझ्यामागे मी आहे, आणि मला स्क्रूड्रायव्हरने उघडणारं पिस्तूल कळतं. हे कारण तुला स्वार्थी वाटेल. वाटू दे. पिस्तूल उघडून टेबलावर आपण दोघं बसलोय, असं मला फार वाटतं.

स्टायर एलपी१० किंवा पार्डिनीचं के१२, दोन्ही मेकॅनिकल. कुणाचं जुनं चांगल्या अवस्थेत मिळालं तर ते आधी बघू, आणि वाचलेले पैसे पेलेटमध्ये घाल. ४.५ मिलिमीटरच्या या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी खरेदीची पावती पेटीत कायम ठेव. रेंजवर जाताना वाटेत कुणी विचारलं तर दाखवायला.

घरी सराव करताना खिडकीकडे तोंड करू नकोस. समोरच्या चाळीतून हातात पिस्तूल धरलेला माणूस दिसला तर लोक पोलिसांना फोन करतील, आणि बरोबरच करतील. आतल्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीकडे कर. पेलेटचा डबा त्या वेळी स्वयंपाकघरात. ताईचा सोनू आला की पेटी कुलपात, किल्ली माझ्याकडे. माशीच्या मागे नळीवर रुपयाचं नाणं ठेव आणि चाप दाब. नाणं पडलं नाही तर बोट सरळ गेलं. रोज वीस वेळा, त्याहून जास्त नको, बोट थकलं की पुन्हा हिसकायला लागतं.

आणि परवा रविवारी घाईने ठरवायचं नाही. क्लबमधल्या कुणाकडून मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही मागून घेऊ. मी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून देईन. नळी कागदाकडे ठेव, डोळे मीट आणि दोन्हीवर दहा-दहा वेळा कोरडा चाप दाब. सुटायच्या क्षणाआधी तोंडाने "आता" म्हणायचं. कुठल्यावर तुझा "आता" जास्त वेळा बरोबर येतो ते मी बाकावर बसून वहीत लिहीन. इलेक्ट्रॉनिकवर जास्त आला तर मी वर लिहिलेलं सगळं मागे घेईन आणि तेच घेऊ.

दूध फ्रिजमध्ये ठेवायला विसरू नकोस. आमटी गरम करून घे.

तुझे,
बाबा