बाबा, गाडी विकत नाही आहोत

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं व्हायचं नाही म्हणून लिहितेय. बाबा दोन वाक्यं बोलतात आणि 'घे, आईशी बोल' म्हणून मोकळे होतात. आणि आई, तुला सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचेतो निम्मं गळलेलं असतं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी तू डोळ्यांना ताण देऊ नकोस, त्यांनाच वाचायला लाव. मध्येच एखादा परिच्छेद गाळल्यासारखा वाटला तर शेजारच्या काकूंकडून पुन्हा वाचून घे.

आधी कबुली. गणपतीच्या दोन दिवस आधी 'मखराचं सामान आणते' म्हणून मी गाडी घेऊन रत्नागिरीला गेले आणि जेवणवेळ टळून गेल्यावर परत आले. सामान अर्ध्या तासात मिळालं होतं. उरलेला वेळ मी मेस्त्रीकडे बसले होते. गाडीचं ब्रेक ऑइल बदलून घेतलं. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'लेव्हल फुल आहे, पुण्याची अक्कल इथे नको' हे उत्तर मला पाठ आहे.

मे महिन्यात कोल्हापूरहून तुझे डोळे दाखवून आलात, तेव्हा आई, तू फोनवर सहज म्हणालीस, 'साखरप्याला अर्धा तास बसलो. ह्यांचा ब्रेक जरा खाली जात होता, चहा होईपर्यंत झाला बरा.' ब्रेकला जणू कणकण आली होती आणि सुंठ-गूळ दिल्यावर उतरली! पुढे तू कैरीच्या लोणच्याविषयी बोलत राहिलीस. मी हं हं करत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुंभार्ली घाटातलं ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

बाबा, तो ब्रेक का खाली गेला आणि का बरा झाला, ते मेस्त्रीकडून आणि पुस्तकातून नीट समजून घेतलंय. तुम्ही आम्हाला सगळं समजावून सांगायचात, आज मला पाच मिनिटं द्या.

पेडलवरचा पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो नळीतल्या द्रवातून. द्रव दाबून आक्रसत नाही, म्हणून तर जोर पोचतो. पण हे ब्रेक ऑइल म्हणजे खरं ऑइल नव्हेच. ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. आई, तुझी मिठाची बरणी श्रावणात कशी पाझरते? फडक्यात बांध, तांदळाचे दाणे टाक, काही कर, खडा ओला तो ओलाच. तसंच हे. झाकणातून, रबरी नळ्यांमधून थोडा थोडा ओलावा आत जातच राहतो. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यावर बाराही महिने खारा वारा. तिथे पापड टिकत नाहीत, ऑइल काय टिकणार?

आता आकडे, कारण आकडे दिल्याशिवाय तुम्ही ऐकणार नाही. डॉट ४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. आंबा घाटाच्या माथ्याहून साखरप्यापर्यंत पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की चकत्या इतक्या तापतात की ती धग आतल्या ऑइलला लागते. ते उकळलं की बुडबुडे. वाफ मात्र दाबली जाते, मग पाय खाली जातो आणि चाकाला कळतही नाही. गार झालं की बुडबुडे जिरतात, पेडल परत टणक. तुम्ही चहा प्यालात तेवढ्यात ते ऑइल गार झालं, एवढंच. म्हणजे ब्रेक एकदा खाली जाऊन आपोआप बरा झाला हे चांगलं लक्षण नाही, तेच मुळात दुखणं आहे. साखरपं यायच्या आधी तो तसा झाला असता तर, हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं.

'गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा फिरत नाही' हेही तुम्ही म्हणणार. पाणी किलोमीटर मोजत नाही, बाबा. गाडी शेडमध्ये उभी असली तरी मुरत राहतं. म्हणून बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात दोन वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. आपलं पुस्तक मी कपाटातून काढलं, तुमच्या एलआयसीच्या पावत्यांखाली होतं. इंजिन ऑइल दर वर्षी न चुकता, तारीखवार, तुमच्या शाळेतल्या अक्षरात. ब्रेक ऑइलची शेवटची नोंद २०१९. सहा वर्षं! तुम्हाला दोष देत नाही. सर्व्हिसिंगला टाकली की सगळं आपोआप होतं असंच आपण धरून चालतो, आणि विचारलं नाही तर बदलत नाहीत. माझ्या स्वतःच्या गाडीचं मी या निमित्तानेच पहिल्यांदा विचारलं.

आणि लेव्हल. लेव्हल फुल आहे याचा अर्थ कुठे गळत नाही, एवढाच. आत काय मुरलंय ते लेव्हल सांगत नाही.

मेस्त्री मात्र माणूस गोड. त्याच्याकडे पेनासारखं यंत्र आहे, टोक ऑइलमध्ये बुडवलं की पाणी किती मुरलंय त्याप्रमाणे दिवे लागतात. आपल्यात लाल लागला. मग मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागच्या डाव्या चाकाखाली गेला, सगळ्यांत लांबचं चाक आधी करतात म्हणून. तिथला निपल, म्हणजे जुनं ऑइल काढायची छोटी तोटी, खाऱ्या हवेने गंजून बसलेला. त्याने फवारा मारला, हातोडीने हलके टिचक्या दिल्या, बिडी ओढून आला, तेव्हा तो हलला. पुढे पाऊण तास आमचा एकच संवाद: 'दाब ताई. दाब. धरून ठेव... सोड.' 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा आत जाते. दर चार-पाच वेळा उठून तो वरच्या डबीत नवं ओतायचा, ती कोरडी पडता कामा नये. पारदर्शक नळीतून बाटलीत जे उतरलं ते तू मेथीचा काढा करतेस ना आई, त्या रंगाचं होतं. 'हे ऑइल नाय ताई, उकळून ऱ्हायलेला चाय हाय,' तो म्हणाला. हळूहळू फिकट होत शेवटी मधाच्या रंगाचं आलं, बुडबुड्यांशिवाय. रंगावर फार जायचं नाही म्हणे, कधी कधी फिकट दिसणारंही निकामी असतं. पॅड आणि मागचे व्हील सिलिंडरही बघून घेतले. ठीक आहेत.

डाव्या मडगार्डवर, बॉनेटच्या कडेला रुपयाएवढा पांढुरका डाग पडलाय, तो माझ्यामुळे. बाटली उचलताना ठिबकलं. हे ऑइल रंग खातं, मेस्त्रीने लगेच बादलीभर पाणी ओतलं म्हणून तेवढ्यावर भागलं. तुम्ही तो डाग वाघळांच्या नावावर घातला असणार. वाघळं निर्दोष आहेत.

आता खरी गोष्ट.

दादाचं म्हणणं होतं गाडी विकून टाका. मी नाही म्हटलं, चांगली भांडले. पावसला दर्शनाला, बाजाराला, भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीला बँकेत, तुम्ही खुशाल चालवा. तुमच्या चालवण्यावर माझा दादापेक्षा जास्त विश्वास आहे. मला गाडी तुम्हीच सड्यावर शिकवलीत, एसटीने सुद्धा पाठ फिरवावी अशा वेळी, भर उन्हात. 'ब्रेकवर पाय ठेवायचा तो झोपलेल्या मांजरावर ठेवल्यासारखा.' अजून तसाच ठेवते. आंब्याच्या माथ्यावर थांबून तुम्ही नारळ वाढवायचात आणि आम्हा दोघांकडून वदवून घ्यायचात, 'चढताना जो गिअर, उतरताना तोच.' दादा मुद्दाम उलटं म्हणायचा. मी खोबरं मिळावं म्हणून बरोबर म्हणायचे.

पण कोल्हापूरची खेप यापुढे वरच्या वाडीतला पोरगा करेल. दिवाळीपर्यंतचं मी त्याच्याशी बोलून ठेवलंय, पैसेही दिलेत, तेव्हा 'त्याला नको सांगूस' म्हणायला आता उशीर झालाय. रागावू नका. हे तुमच्या वयाचं नाही. गणपतीत गाडीतून उतरताना तुम्ही उजवा गुडघा हाताने उचलून बाहेर ठेवलात. मी ओटीवरून बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. घाटात तोच पाय तासभर कामावर असतो.

गाडी आपलीच, तुम्ही पुढच्या सीटवरच बसायचं, आणि त्याला गिअर कुठला ते सांगायचा हक्क तुमचाच. पोरगा ऐकणारा आहे, फक्त दर वळणावर सांगू नका. साखरप्याला चहाला थांबायचं त्याला सांगितलंय. आईला मागे एकटीला आडवं होता येईल, निळा लोड डिकीतच ठेवलाय, आणि डोळ्यांत औषध घातल्यावर उन्हाचा त्रास होतो म्हणून खिडकीला लावायच्या जाळ्या आणल्यात. थर्मास नवा घेतला, जुन्याचं झाकण गळत होतं. बाबांची गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरलीत, पोराने त्याची लावली तर सरळ काढून टाका.

आणि काही गोष्टी कृपा करून ऐका. ब्रेक मऊ लागला, एकदाही, तर गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि मला फोन करा. हँडब्रेक तारेवर चालतो, ऑइलवर नाही, तेव्हा त्याची केबलही मेस्त्रीला दाखवा. वरच्या डबीचं झाकण 'जरा बघू' म्हणून उघडायचं नाही, बाहेरून रेघ दिसते तेवढं पुरे. लेव्हल खाली गेली तर ओतून मोकळं व्हायचं नाही, का गेली ते मेस्त्रीला विचारायचं. इंजिन ऑइल तर चमचाभरही नको, आतली रबरं फुगतात. बोनेटच्या आत मी तारखेची चिकटपट्टी लावलीय. तसं २०२७ पर्यंत चालेल, पण मला आपल्या हवेचा भरवसा नाही, पुढच्या गणपतीआधी तो पेनवाला दिवा बघून घ्यायचा. आई, कालनिर्णयच्या पानावर हे तू लिही, बाबा लिहिणार नाहीत.

मी दिवाळीला चार दिवस आधीच येतेय. तेव्हा बाबा मला आंब्यापर्यंत नेतील का? चढायचं तुम्ही, उतरायचं मी. चुकले तर ओरडा.

तुमची,
चिमी

ता. क. बाटलीत थोडं ऑइल उरलं होतं. एकदा उघडलेली बाटली ठेवून उपयोग नसतो, तीही पाणी ओढते. म्हणून ती मेस्त्रीकडेच सोडून आले. बाबा, डिकीत शोधू नका.