रिपोर्ट नॉर्मल, तरीही दुखणं खरंच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरोग्यविषयक लेखांत ‘हे सगळं मानसिक आहे’ असं सर्रास लिहिलं जातं. ज्याचं डोकं महिनोन् महिने दुखतंय, त्याला ते ‘तुला काहीच झालेलं नाही’ असंच ऐकू येतं. अशांवर उपचार करणाऱ्यांना हे वाक्य फार जाचतं, म्हणून हे पत्र.

नोकरी सोडायची आहे आणि सोडवत नाही. वडिलांचा राग येतो आणि त्या रागाचीच लाज वाटते. मनातली ओढाताण म्हणतात ती हीच. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये मांडलं की धोका दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. अ‍ॅड्रिनलिन काही सेकंदांत वाढतं, कॉर्टिसॉल काही मिनिटांनी; ही दोन्ही ताणाची संप्रेरकं. धोका टळला की दोन्ही ओसरतात. मात्र धोका मनातच असेल, तर लढायचं कोणाशी आणि पळायचं कुठे? सज्जता तशीच राहते आणि तिचा भार स्नायूंवर, आतड्यांवर, श्वासावर पडतो.

झोपेत दात आवळले जातात आणि सकाळी कानशिलं ठणकतात. खांदे कानांकडे चढलेले राहतात, मग डोक्याभोवती पट्टा करकचून बांधल्यासारखं दुखतं. पोटाची तऱ्हा वेगळीच. जठर मंदावतं, मोठं आतडं मात्र घाई करतं. त्यामुळे भूक मेलेली असतानाच शौचाला पळावं लागतं. श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना नि बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते. त्या भीतीने श्वास आणखी वाढतो.

चेहरा शांत ठेवला म्हणजे आतलं शांत होतं, हाही गैरसमजच. भावना लपवायला सांगितलेल्या लोकांच्या शरीरातली उत्तेजना उलट वाढते, हे मानसशास्त्रज्ञ ग्रॉस आणि लेव्हनसन यांनी 1990 च्या दशकातल्या प्रयोगांत दाखवलं.

दोन आठवडे वही ठेवावी: दुखण्याची वेळ, जागा, 0 ते 10 मध्ये तीव्रता, आणि आधीच्या काही तासांत कुठे ‘नाही’ म्हणायचं असून ‘हो’ म्हटलं गेलं. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. खरं तर बहुतेकदा धागा तिथेच सापडतो. सापडला की पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रातल्या संशोधकांच्या 1986 च्या अभ्यासातली पद्धत वापरावी: सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, त्या ओढाताणीबद्दल न थांबता लिहायचं. लिहून उठल्यावर थोडा वेळ जास्तच जड वाटतं, त्याला घाबरू नये. रोज तीच तक्रार त्याच शब्दांत उतरत असेल, तर मात्र उपयोग होत नाही. ओढाताणीच्या दोन्ही बाजूंना कागदावर जागा द्यावी लागते.

श्वासासाठी 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, असं 5 मिनिटं. ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला इथे अंगाशी येतो. छाती भरभरून घेतलेल्या श्वासांनी मुंग्या वाढतात. श्वास लहानच ठेवावा, सोडताना वेळ घ्यावा. जबड्यासाठी दिवसातून अनेकदा तपासावं: ओठ मिटलेले, पण वरखालचे दात एकमेकांना टेकलेले नाहीत. खांद्यांसाठी 5 सेकंद हलकेच आवळून 20 सेकंद सैल सोडावं. पूर्ण जोर लावला तर पेटके येतात.

आणि हे ठळक छापावं अशी विनंती: छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, शौचातून रक्त पडत असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा एकाएकी असह्य डोकेदुखी उठली असेल, तर वही, श्वास सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही आणि दुखणं मात्र राहिलं, तर ‘काही नाही’ म्हणून रुग्णाला घरी न पाठवता पुढे समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं. आपल्या आरोग्य सदरातही ‘मानसिक आहे’ या वाक्यानंतर ही पुढची वाट छापली जावी.

आपले,
मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वाचक