कॅप्टनसाहेब, फौजींचं ट्रिब्युनल गोव्यात बसू द्या

मा. कॅप्टन विरियातो फर्नांडिस,
खासदार, दक्षिण गोवा

जय हिंद साहेब.

मी शिरोड्याचा, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. २०२४ च्या प्रचारात, संविधान गोव्यावर लादलं गेलं अशा अर्थाचं आपलं बोलणं कानावर आलं, ते मला रुचलं नाही. त्याच संविधानाची शपथ घेऊन आपण नौदलात आणि मी पायदळाच्या मागे तोफेवर उभे राहिलो. आपली बाजू आपण नंतर मांडलीत, तरी माझं मत बदललेलं नाही. पण आज लोकसभेत गोव्याच्या दोन खासदारांपैकी वर्दी अंगावर घातलेले आपण एकटेच, म्हणून हे पत्र आपल्यालाच.

मागणी एकच आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाची, म्हणजे आपण फौजी ज्याला ट्रिब्युनल म्हणतो त्याची, फिरती बैठक गोव्यात व्हावी.

तोफेमुळे माझा डावा कान गेला. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाच्या कागदावर चार अक्षरं आली: एन-ए-एन-ए. आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीने वाढलेलाही नाही. ही चार अक्षरं पडली की अपंगत्व पेन्शन बंद. भरतीच्या वेळी कान ठणठणीत असल्याचं त्यांच्याच डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. अशा वेळी आजार नोकरीतलाच धरायचा, तो तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण हा निकाल आमच्यापर्यंत पोचवणार कोण? मला तो एका वकिलाकडून कळला, तोपर्यंत बरीच वर्षं गेली होती. उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क जात नाही, थकबाकी मात्र बहुतेकदा मागच्या तीन वर्षांचीच हाती येते.

पेन्शन नाकारल्याचे गोव्यातले दावे ट्रिब्युनलच्या मुंबईच्या खंडपीठाकडे जातात. मडगावहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, फलाटावरच्या नळावर तोंड धुवायचं. फायलीत डिस्चार्ज बुक, बोर्डाचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मला ऐकू येत नाही म्हणून बायको सोबत. वकील काय बोलतात ते ती शाळेच्या वहीत पेन्सिलने भराभर लिहून माझ्याकडे सरकवायची. ती वही अजून घरात आहे. माझा दावा मान्य झाला. म्हणजे हे मी माझ्यासाठी मागत नाही.

सांगे तालुक्यात माझ्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. नवरा फौजेतून आजारी होऊन आला आणि गेला. कागद ट्रंकेत आहेत. मी दोनदा म्हटलं, चला मुंबईला. त्या म्हणाल्या, “भावोजी, गुरांना कोण बघणार?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

त्या ट्रिब्युनलची रचनाच मला आवडते. बाकावर एक न्यायाधीश बसतो आणि त्याच्या शेजारी एक निवृत्त फौजी अधिकारी. कायदा जाणणारा आणि खंदक जाणणारा दोघे मिळून निकाल देतात. गरीब शिपायाला याहून चांगलं न्यायालय मिळणार नाही, फक्त ते त्याच्या गावापासून एका रात्रीवर आहे. २००७ च्या कायद्यातच तरतूद आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढून दिल्लीबाहेर इतर ठिकाणीही बैठका ठरवू शकतं. म्हणजे नवा कायदा नको, सरकारची इच्छा हवी.

आणि हे गोव्याला नवीन नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८२ साली पणजीत आलं, आता ते पर्वरीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलाही त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. तिथले वकील आणि पक्षकार त्यासाठी कित्येक वर्षं झगडले होते. माजी सैनिकांचा मोर्चा निघत नाही साहेब. आम्हाला रांगेत उभं राहायला शिकवलेलं असतं.

दर तीन महिन्यांनी दोन-तीन दिवस, पर्वरीत एखादी खोली, एवढंही सुरुवातीला पुरे. लोकसभेच्या नियम ३७७ खाली हा विषय सभागृहात मांडा, संरक्षण मंत्र्यांना लेखी विचारा. त्याआधी किती फायली घराघरांत पडून आहेत ते सैनिक कल्याण खात्याकडून मागवून घ्या. फोंडा आणि सांगे तालुक्यातली यादी गोळा करायला मी तयार आहे. आपण एक दिवस सांगेत बसा. त्या वहिनींची गुरं त्या दिवशी मी बघेन.

आपला,
शिरोड्याचा एक माजी सैनिक