मुठीला एवढा खर्च कशासाठी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लाकूड घरच्या वावरातलं, मग सुरीच्या मुठीला एवढा खर्च कसला?" तेव्हा भट्टी पेटलेली होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर आणि हवा कोरडीठाक, तर ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल. लाकूड त्याप्रमाणे आकसतं, फुगतं. पोलादाला त्याचं काही नाही. दोघांत केसाएवढी फट पडली की सुरी धुताना पाणी आत जातं आणि मुठीखाली गंज चढतो, वरून पत्ताही लागत नाही. आपल्या धुऱ्यावरचा आंबा तर मुळात सच्छिद्र. बुरशीने काळ्या रेघा उमटलेला त्याचा तुकडा फार देखणा असतो, पण नखाने खरवडला तरी भुगा पडतो. म्हणून त्याच्या पोकळ्यांत रेझिन, म्हणजे तापवल्यावर कडक होणारं पातळ रसायन, भरून तो पक्का करायचा. याला स्टॅबिलायझिंग म्हणतात.

मी वापरते ते रेझिन अमेरिकेतून येतं, त्यामुळे मूळ किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढतं. आणि लाकूड ते पितं किती! मुठीचा एक ठोकळा आधी तोलला तेव्हा 70 ग्रॅम भरला, नंतर 125. म्हणजे फुकटच्या आंब्यात 55 ग्रॅम विकतचं रेझिन गेलं. शिवाय ठोकळे पूर्ण बुडतील एवढं ओतावंच लागतं. उरलेलं पुन्हा वापरता येतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात थंड जागी ठेवलं नाही तर डब्यातच दाटतं.

त्याआधी लाकूड ओव्हनमध्ये 105 अंशांच्या आसपास चोवीस तास वाळवायचं. विजेचं बिल इथे वाढतं, पण इथे हात आखडता घेतला तर पुढचा सगळा पैसा पाण्यात, कारण ओल असेल तिथे रेझिन शिरत नाही. मग ठोकळे रेझिनमध्ये बुडवून हवा खेचून घेणारा व्हॅक्युम पंप लावायचा. आधी उकळी आल्यासारखा फेस येतो, नंतर एकेका छिद्रातून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. ती थांबेपर्यंत पंप चालू. खरं रेझिन लाकडात शिरतं ते पंप बंद करून हवा परत आत सोडल्यावर, त्या हवेच्या दाबाने. तेव्हा घाई नाही. शेवटी फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा ओव्हन. प्रत्येक घाण्यातला एक ठोकळा मी मधोमध कापते, रेझिन गाभ्यापर्यंत गेलं का ते बघायला. तो खर्चही सुऱ्यांवरच पडतो.

शिसवीला यातलं काहीच करत नाही. ती घट्ट, तेलकट. रेझिन घेतच नाही. नुसत्या शिसवीच्या मुठी केल्या तर स्वस्त पडेल, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण धुऱ्यावरचा आंबा चुलीत जावा हे मला बघवत नाही, आणि कच्च्या आंब्याची मूठ लावून सुरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हे माझं ठरलेलं आहे. त्यापेक्षा चार सुऱ्या कमी विकीन.

तेव्हा पावसाळ्यात पडलेली ती जाड फांदी कुणाला देऊ नका. हातभर लांबीचे तुकडे करून दोन्ही टोकांना उरलासुरला ऑइलपेंट लावा, म्हणजे तडे जाणार नाहीत, आणि गोठ्यात सावलीला विटांवर रचून ठेवा. डिंक्या रोगाने वाळलेली संत्र्याची झाडं काढाल तेव्हा बुंधेही ठेवा, ते लाकूड बारीक रेषांचं असतं. आई, बाबांना एकट्याने उचलू देऊ नकोस, गडी बोलाव. मी दिवाळीला गाडी घेऊनच येते.

तुमची लेक